गळालेला फर्मा

बर्मिंगहॅम,
रविवार, १२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

गुरुवारी फोनवर आई म्हणाली, "डिसेंबरात घर रिकामं करून बिल्डरच्या ताब्यात द्यायचंय. तुझ्या लोखंडी कपाटातल्या पुस्तकांचं काय करू? रद्दीवाला किलोवर घेतोय." मी तेव्हा ऑफिसच्या जिन्यात होते, मग सांगते म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत उरकण्यासारखं नाही, आणि बाबांना मोबाइलवर वाचायचा त्रास होतो, म्हणून कागदच घेतला.

आधी कामाचं. वरच्या खणातली कॉलेजची पुस्तकं खुशाल द्या. दुसऱ्या खणात जाडजूड पेपरबॅक आहेत, ड्रॅगनवाले, जादूगारांवाले. ते मी नोकरी लागल्यावर घेतले. आज कुठल्याही दुकानात मिळतील, म्हणून ताईच्या ओवीला हवे तेवढे घेऊ दे आणि बाकीचे अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेतात तिथे द्या. तिसऱ्या खणाला मात्र कुणी हात लावायचा नाही. त्यात चांदोबाचे बांधलेले अंक आहेत आणि आईनं माहेरून आणलेली 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आहे. आणि एक पाठीला काळी कापडी पट्टी लावलेलं, वेडंवाकडं पुस्तक आहे. बाबा, ते तुम्हाला आठवत असेलच.

मी सहावीत होते. आत्तेभावाबरोबर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा, म्हणजे अंगठीचा, पहिला सिनेमा पाहून आले आणि मला ती गोष्ट लिहिणाऱ्या टॉल्किनचंच पुस्तक हवं म्हणून हट्ट धरला. तुम्ही लकडी पुलाजवळच्या फुटपाथवरून 'द हॉबिट' आणलंत. चोरटी छपाई होती, कागद वर्तमानपत्रासारखा आणि शाई पुसट. माझी शाळा मराठी, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाला तीन पानं व्हायची. पाचव्या प्रकरणात गोष्टीचा नायक बिल्बो अंधाऱ्या भुयारात गॉलम नावाच्या विचित्र प्राण्यासमोर बसतो, दोघं एकमेकांना कोडी घालायला लागतात, आणि पान उलटलं तर गोष्ट एकदम डोंगराच्या पलीकडे! मला वाटलं आपलं इंग्रजी कच्चं. मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले. तुम्ही नुसते पानांचे आकडे पाहिलेत आणि म्हणालात, "तुझं काही चुकलं नाही. अख्खा फर्मा गळालाय. सोळा पानं."

तो आठवडा मला अजून आठवतो. रोज संध्याकाळी मी आईला विचारायची, तिथे काय कोडी असतील? आणि पोळ्या लाटता लाटता आई तिची कोडी घालायची. झाडावर राहतो पण पक्षी नाही, तीन डोळे पण शंकर नाही. सगळे गेले रानात, झिपरी पोरगी घरात. नारळ आणि केरसुणी मला तेव्हा पाठ झाली. पुढे खरं प्रकरण वाचलं तर त्यात अंड्याचं कोडं निघालं, आणि ते मी झटकन सोडवलं, कारण नारळाच्या वाटेनं विचार करायची सवय लागली होती.

शनिवारी बाबा छापखान्यातून ओळखीच्या माणसाचं कार्ड घेऊन ब्रिटिश लायब्ररीत गेले. तिथली प्रत वेगळ्या आवृत्तीची, पानं जुळेनात. आपल्या प्रतीत वाक्य जिथे तुटलं ती ओळ आणि जिथे पुन्हा सुरू होतं ती ओळ, दोन्ही तुम्ही कागदावर उतरवून नेल्या होत्या. तेवढ्या भागाची झेरॉक्स काढलीत, वरच्या-खालच्या जास्तीच्या ओळी ब्लेडनं कापल्यात आणि बाइंडिंगवाल्या काकांकडून ती पानं आत शिवून, खळ लावून घेतलीत. वर पेन्सिलीनं मुद्रितशोधनाच्या खुणा! इंग्रजी गोष्ट तुम्हाला वाचायची नव्हती, पण निसटलेलं अक्षर दिसलं की तुमचा हात थांबत नसे.

माझा संग्रह तिथून सुरू झाला. इथे लोक विचारतात की पहिलं पुस्तक कुठलं घेतलंस, तेव्हा मी हेच सांगते.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. 'हॉबिट'ची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९३७ मध्ये निघाली. १५०० प्रती छापल्या आणि डिसेंबरपर्यंत त्या संपल्या. नकाशे, चित्रं, वेष्टनावरचे डोंगर, सगळं टॉल्किननं स्वतः काढलेलं. त्या वेष्टनाच्या मागच्या घडीवर 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या लुईस कॅरलचं खरं नाव, डॉजसन, चुकीचं छापलं गेलं. मध्ये एक 'ई' जास्तीचा पडला. वेष्टनं तर छापून झालेली. मग ती 'ई' शाईच्या पेनानं हातानं खोडली. आज त्या पहिल्या छपाईच्या वेष्टनावर जाणकार आधी ती रेघ शोधतात. अशी प्रत मी काचेच्या पेटीत एकदाच पाहिली. विकत घेणं माझ्या आवाक्यात नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण त्या काचेसमोर मला तुमचा हात दिसला, कानावर खोचलेली पेन्सिल दिसली.

आणि आपला तो गळालेला फर्मा साधासुधा नव्हता, हे मला फार नंतर कळलं. कोड्यांचं ते प्रकरण टॉल्किननं स्वतःच बदललं आहे. १९३७ च्या आवृत्तीत गॉलम बराच सरळ आहे. मी हरलो तर अंगठी बक्षीस देईन असं तो कबूल करतो, आणि अंगठी सापडत नाही तेव्हा माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना ती अंगठी भयंकर झाली. ती कुणी आपण होऊन देईल हे पटेना. म्हणून १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत आज आपण वाचतो तो क्रूर, तडफडणारा गॉलम आला. आणि आधीचा पाठ? बिल्बोनं मित्रांना सांगितलेली ती थाप होती, अशी त्याची सोय लावली! पाठभेदच गोष्टीत विणून टाकला. तुम्ही मला लहानपणी भांडारकर संस्थेत नेऊन सांगितलं होतंत की इथे १२५९ पोथ्या ताडून महाभारताची संशोधित प्रत केली, १९१९ ला सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं. मला तेव्हा वाटलं होतं, एका गोष्टीसाठी इतकी वर्षं? आता वाटत नाही. एकाच पुस्तकाच्या तीन आवृत्त्या मी का घेते असं आई विचारते ना, त्याचं उत्तर हेच आहे. मला त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या असतात.

मी राहते तिथून वीस मिनिटांवर सेअरहोलची पाणचक्की आहे, कोल नावाच्या ओढ्याएवढ्या नदीवर. १८९६ ते १९०० टॉल्किन लहानपणी तिच्यासमोरच राहायचा. वडील आफ्रिकेत वारलेले, आई दोन मुलांना घेऊन इथे आलेली. लॅटिन, चित्रकला, झाडांची नावं, सगळं तिनंच शिकवलं. १९०४ मध्ये ती मधुमेहानं गेली, तेव्हा हा बारा वर्षांचा. इन्सुलिन यायला अजून अठरा वर्षं होती. आई, चक्कीवरून परत येताना मी तुला फोन करून सुई घेतलीस का विचारते, ते यामुळे. चक्की अजून चालते. आत पिठाचा वास असतो, अगदी आपल्या गिरणीसारखा.

ऑगस्टात हे-ऑन-वायला जाऊन आले. वेल्सच्या सीमेवरचं पुस्तकांचं गाव. आपण भिलारला स्ट्रॉबेरी खात घराघरांतून पुस्तकं पाहत फिरलो होतो ना, त्या भिलारची कल्पना इथून आली. फरक असा की भिलारला बसून वाचायचं, आणि इथे सगळं विकायला. १९७७ च्या १ एप्रिलला तिथल्या रिचर्ड बूथ नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं स्वतःला गावाचा राजा जाहीर केलं होतं. किल्ल्याच्या भिंतीलगत उघड्यावर फळ्या लावल्यात, पैसे पेटीत टाकायचे आणि पुस्तक न्यायचं. मला एका दुकानात 'हॉबिट'ची १९६१ ची पफिन आवृत्ती मिळाली. कोपरा दुमडलेला, म्हणून परवडली. तिच्यात बुटक्यांसाठी टॉल्किननं मुद्दाम वापरलेलं अनेकवचन कुणीतरी व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे 'सुधारून' टाकलंय, त्याला न विचारता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही म्हणायचात, लेखकाची चूक आणि लेखकाची लकब यांतला फरक कळला की मुद्रितशोधक झाला. ती प्रत मी तुमच्यासाठी घेतली आहे.

दिवाळी आली, म्हणजे खाली पोरांचे किल्ले सुरू झाले असतील. २००४ चा आपला किल्ला आठवतो? अंगठीचा तिसरा सिनेमा पाहिल्यावर मी हट्टानं त्यातलं पांढरं तटबंदीचं शहर, मिनास तिरिथ, केलं होतं, एकावर एक सात तट, सगळ्याला चुना. सिनेमावाल्यांनी न्यूझीलंडमध्ये त्या शहराची प्रतिकृतीच उभारली होती, इतकी मोठी की तिथले कारागीर 'मिनिएचर' न म्हणता 'बिगेचर' म्हणायचे. मी त्यांचे फोटो वर्तमानपत्रातून कापून ठेवले होते. आपल्याकडे विटा, पोती आणि माती. आईनं उतारावर अळीव पेरले, आणि सगळ्यात वरच्या सातव्या तटावर सिंहासनावर महाराज बसले. शेजारचे आजोबा म्हणाले, हा कुठला गड? मी म्हटलं, पांढरा गड, वेढा पडलाय. ते खुर्ची टाकून बसले आणि मला अख्खी लढाई सांगायला लावली.

आई, तू तो सिनेमा माझ्यासाठी म्हणून बघायला बसलीस. राजा, घोडे, तलवारी, कशानंच तुला काही वाटलं नाही. पण अंगठी वाहून थकलेल्या फ्रोडोला त्याचा सोबती सॅम पाठीवर घेऊन डोंगर चढायला लागला तेव्हा तू डोळ्याला पदर लावलास. म्हणालीस, वारीत म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन निघालेला पोरगा पाहिला होता, तसा हा. गोष्ट याची आहे. त्या सिनेमाला ११ ऑस्कर मिळाले, त्याच्यावर जगभर लिहिलं गेलं, मी त्यातलं पुष्कळ वाचलंय. तुझ्याइतकं थोडक्यात आणि बरोबर मला कुठे सापडलं नाही.

खेळांबद्दल तुम्ही काळजी करता, रात्री जागते म्हणून. रविवारचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव इथल्या सकाळी दहाला असतो, पुण्यात तेव्हा अडीच वाजलेले. ओवी आणि माझ्या कॉलेजच्या तिघी मैत्रिणी कॅमेऱ्यासमोर वीस बाजूंचा फासा टाकतात आणि मी गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात त्यांना एका पडक्या वाड्यातल्या वेताळाला कोड्याचं उत्तर द्यायचं होतं. कोडं आईचं, झिपरी पोरगीचं. ओवीनं तीन मिनिटांत सोडवलं आणि बाकीच्या तिघींचे जीव वाचवले. हे खेळणं म्हणजे एकटीनं पडद्यात डोकं घालून बसणं नाही, हे मला तुम्हाला कधीचं सांगायचं होतं.

बाबांसाठी एक पत्त्यांचा खेळ आणते आहे. गोष्ट अंगठीचीच, चाल मेंढीकोटासारखी. उतारीला पान घालायचं, हात करायचे. पण सगळे एका बाजूला, आणि फ्रोडोच्या हातात अंगठीची ठरलेली पानं पडतील असं सगळ्यांनी आपली पानं न सांगता जुळवून आणायचं. मेंढीकोटात समोरच्याचं पान तुम्ही डोळ्यांवरून ओळखता, तेच इथे लागतं. जानेवारीत तीन आठवडे येतेय, तेव्हा भाड्याच्या घरात का होईना, डाव मांडू.

आता बांधाबांध. तिसऱ्या खणातली पुस्तकं आडवी रचा, जड खाली, हलकी वर. खोकी लहान घ्या, मोठ्या खोक्याचा तळ निसटतो. प्रत्येकात वेखंडाची पुरचुंडी टाका, कसर लागणार नाही. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. चांदोबाच्या अंकांमध्ये कोरा कागद घाला.

काळ्या पट्टीचं पुस्तक मात्र टेम्पोत टाकू नका. बाबांच्या कापडी पिशवीत, बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवा. आणि बाबा, त्याच्या शेवटी एक कोरं पान आहे. लेखकाची सही असलेल्या प्रतीसाठी इथे लोक रांगा लावतात. या प्रतीवर मला तुमची सही हवी आहे. पेन्सिलीनं नको, शाईनं. खाली लिहा, पाचवं प्रकरण कुठून आणलं आणि कुणी शिवलं. बाइंडिंगवाल्या काकांचं पूर्ण नाव मला माहीत नाही, तेही घाला.

आईनं चकलीची भाजणी कुरिअर केली ती मिळाली.

तुमची,
मंजू