रविवारची बैठक : चित्तरंजन आणि 'लोकमान्य'

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. विषय पश्चिम बंगालमधला चित्तरंजन रेल्वे इंजिन कारखाना. १९५० साली इथून 'देशबंधू' हे पहिलं वाफेचं इंजिन बाहेर पडलं. विजेच्या इंजिनांकडे कारखाना वळला १९६१ मध्ये, आणि त्या पहिल्या इंजिनाचं नाव 'लोकमान्य'! १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालणारं हे डब्ल्यूसीएम-५ प्रकारचं इंजिन आपल्या मध्य रेल्वेसाठीच बांधलं होतं, म्हणून बैठकीचा निम्मा वेळ त्यालाच द्यायचा आहे. बोरघाटात ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, अशी चढण. तिथे मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लावून गाड्या कशा चढवतात, यावर ज्येष्ठ सभासदांनी जरूर बोलावं. पुढची डब्ल्यूएपी-७ (प्रवासी गाड्यांची) आणि डब्ल्यूएजी-९ (मालगाड्यांची) ही विजेची इंजिनं ओघाने येतीलच. ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवण्याची त्यांची सोय मात्र नीट समजून घेऊ.

कोणाकडे डब्ल्यूसीएम-५चे जुने फोटो असतील तर कृपया मूळ प्रतच आणा, स्कॅन करून लगेच परत देऊ. मागे पेन्सिलने ठिकाण आणि साल लिहा. ही इंजिनं आता धावत नाहीत आणि घरोघरचे अल्बम रद्दीत चाललेत, तेव्हा आळस नको.

फोटोसाठी रुळांवर किंवा शेडमध्ये विनापरवाना कोणीही जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवावं, म्हणजे चहा-नाश्त्याचं सांगता येईल.

– चिटणीस