घशाबद्दल थोडं

मडगाव, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुझं ते ओरडणं अजून चालू आहे की संपलं?" मी "चालू आहे" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. तुम्ही दोघं स्पीकर लावून बसता, मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि आई गाडी "जेवलीस का"वर आणून सोडते. अशात हे बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल. शेवटी आईसाठी एक काम आहे, तिथपर्यंत वाचल्याशिवाय पत्र फ्रिजवर ठेवून द्यायचं नाही.

आधी बाबा. "बाय हल्ली गात नाही" असं तुम्ही लोकांना सांगता ते माझ्यापर्यंत पोचतं. केरीत कुठली गोष्ट लपून राहिली आहे? मी गाते. ऑफिस सुटल्यावर वेर्ण्याहून थेट कुडतरीला जाते. तिथे आमच्या बास गिटारवाल्याच्या घरामागे एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या लावलेली. तिथे तिघे मुलगे मेटल वाजवतात, म्हणजे जड गिटार-ड्रमचं रॉक, आणि मी गाते. त्याला गाणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण एकदा पेटी काढा आणि एवढं करून बघा: सा, मग तार सा, मग मधला तीव्र मध्यम. तिथेच थांबा. पंचमावर जाऊ नका, बोट शिवशिवलं तरी.

१९७० साली बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड आली. सुरुवातीला पाऊस, लांबून घंटा, आणि मग एवढे तीनच सूर. यमनात हाच तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो म्हणून गोड लागतो. इथे त्याला पंचम मिळतच नाही, लटकत ठेवलेला असतो, म्हणून अंगावर येतो. सगळं मेटल या अडवून धरण्यावर चालतं असं मला वाटतं. आमचे मुलगे ज्याला फ्रिजियन म्हणतात ते तुमच्या भैरवी थाटाचे सूर आहेत. रे, ग, ध, नि सगळे कोमल. १९७७ साली व्हॉयेजर यानावरून आपल्या केसरबाई केरकरांची जी भैरवी अंतराळात गेली, तिचेच. पहिल्यांदा मी हे सांगितलं तेव्हा ड्रमवाल्याला खरं वाटेना. आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच सांगत सुटतो.

त्याच सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं लावलं, हलक्या तारा घेतल्या, आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून गिटारची पट्टीच खाली उतरवली. हे जे जड, खोलातून आल्यासारखं वाजतं ना, त्याचा बराचसा भाग त्या बोटांतून आला. मला लगेच तुमचे अल्लादियाखाँ आठवले, केसरबाईंचे गुरू. दरबारात गाऊन गाऊन त्यांचा आवाज गेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी बांधली. कला अकादमीतल्या केसरबाई समारोहातून परतताना स्कूटरवर तुम्ही हे मला इतक्या वेळा सांगितलंय की फर्मागुढीचा चढ आला की मला अजून खाँसाहेब आठवतात.

आता खरा मुद्दा, घसा फाटतो की नाही.

फाडला तर फाटतो. यूट्यूबवर बघून बाथरूममध्ये किंचाळणारी मुलं दोन महिन्यांत आवाज घालवून बसतात, आणि तुम्ही म्हणता ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण जाणकार जे करतात ते वेगळं असतं. आपण बोलतो-गातो ते स्वरतंतूंनी. त्यांच्या थोडं वर आणखी एक जोडी असते, जाडसर, गुलाबी. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी बोलताना ते बाजूला असतात. खोकताना, गिळताना, जड घागर उचलताना श्वास कोंडतो तेव्हा ते जवळ येतात. ग्राउल म्हणजे ती गुरगुर, ती काढताना हे वरचे पडदे हलवायचे आणि खालच्या खऱ्या तंतूंवर जोर येऊ द्यायचा नाही. तिबेटी लामा खालच्या आवाजात मंत्र म्हणतात त्यातही हेच पडदे चालतात. ते खऱ्या तंतूंच्या निम्म्या वेगाने हलतात, त्यामुळे सा लावला की त्याच्याखाली खर्जातला सा ऐकू येतो. दुसराही एक प्रकार आहे, पहाटे उठल्या उठल्या आवाज कुरकुरतो त्यातून काढायचा. तो मला फारसा आवडत नाही.

आणि ग्राउल वाटतो तितका मोठा नसतोच. मोठा करतो तो माइक. म्हणून तर गाणारे पोरगे माइकची जाळी मुठीत गच्च धरतात ते बघून माझं डोकं फिरतं. जाळीमागची भोकं बंद होतात, आवाज चोंदतो, स्पीकर शिट्ट्या मारायला लागतो, आणि हे समजतात की आपण भारी दिसतोय.

तुम्ही शिकवलेलं किती कामाला आलं? पोटातला श्वास, दमसास, सगळं. खर्ज भरायला लावायचा त्याचा तेव्हा कंटाळा यायचा. आता रोज तिथूनच सुरुवात करते, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून. त्याआधी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून सूर काढायचा. पाण्यात बुडबुडे येत राहतात, सूर खालीवर फिरवायचा, आणि बुडबुडे तुटता कामा नयेत. पाण्याचा उलटा दाब तंतूंना सांभाळून घेतो, त्यामुळे आवाज तापतो पण थकत नाही. बाबा, हे तुम्हीसुद्धा भजनाला जायच्या आधी करून बघा, हसू नका. जबड्याच्या ताना तुम्हाला खपत नसत, तेही बरोबरच होतं. इथे जबडा आवळला की दहा मिनिटांत खेळ खलास.

मोकळा आकार मात्र बाजूला ठेवावा लागला. मेटलमध्ये वरच्या सुरांवर तोंड आ करून चालत नाही. तो सूर अरुंद करून धारदार करावा लागतो. ज्युडास प्रीस्ट बँडचा गायक रॉब हॅलफर्ड वर जाऊन कापत सुटतो तो असा. आवाजाची ती धार मला कळली ती आपल्या वाड्यावर येणाऱ्या नुस्तेकान्नीमुळे, म्हणजे मासळीवालीमुळे. "नुस्तें घे गो" ही तिची हाक चार घरं ओलांडून जाते, आणि दिवसभर ओरडून दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच खणखणीत. तिला कोणी आवाजाची काळजी घ्यायला सांगितलेलं नाही. मला मात्र तार सप्तकात अजून ते जमत नाही. दोन सूर लागतात, तिसऱ्याला आवाज फाटतो, मग मी थांबते. थांबणं हे मला सगळ्यात उशिरा आलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं इथे सगळे म्हणतात. न्यू यॉर्कला मेलिसा क्रॉस म्हणून एक बाई आहेत, किंचाळणाऱ्यांना किंचाळायचं कसं ते शिकवतात. त्यांचंही सगळं शिकवणं श्वासापासूनच सुरू होतं.

आई, तुला वाटतं की हे बायकांचं काम नव्हे. २००० साली आर्च एनिमी या स्वीडनच्या बँडमध्ये अँजेला गॉसो नावाची जर्मन बाई आली. नुसतं ऐकलं तर बाई गाते आहे हे कळतसुद्धा नाही, इतका तो आवाज खोल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बसमध्ये होते, माझा स्टॉप निघून गेला. आणि ती दोन बोटांची शिंगं, जी माझ्या फोटोत बघून तू "हे कसलं अभद्र" म्हणालीस, ती गर्दीत रुजवली रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकाने. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ती खूण करायची. म्हणजे तू मीठ-मिरच्या ओवाळून टाकतेस, त्यातलाच प्रकार. हा डिओ लहानपणी ट्रंपेट वाजवायचा, गाणं कोणाकडे शिकलाच नाही. श्वास त्याला ट्रंपेटने दिला, असं तो सांगायचा. आमच्या बासवाल्याचा मामा तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, ट्रंपेट वाजवतो. त्याला हे कळल्यापासून तो दर शनिवारी येऊन मला श्वासाबद्दल सुनावतो.

आणि एक सांगू? घसा खरा फाटतो तो चवथीत. घुमट, शामेळ आणि कासाळं यांच्या वर आवाज काढायचा म्हणून अख्खा वाडा आरत्या ओरडतो. पाचव्या दिवशी कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि त्याचं सगळ्यांना कौतुक. मी तिथेही ओरडले आहे आणि पुढेही ओरडणार, पण कुडतरीच्या खोलीत माझा घसा त्यापेक्षा सुखात असतो.

हे मी मनाचं सांगत नाही. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरबाईंना मी घसा दाखवला आहे. त्या नाकात बधिर करणारा फवारा मारतात. त्याची कडू चव घशाशी उतरते, त्यापलीकडे काही नाही. मग शेवयीसारखी बारीक नळी नाकातून आत, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि समोर टीव्हीवर आपलाच घसा. दोन पांढऱ्या पट्ट्या, तेच खरे स्वरतंतू. श्वास घेतला की दूर, "ई" म्हटलं की जवळ. बायकांच्या साध्या बोलण्यातही त्या सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता ते तुझं काढ." मी ग्राउल काढला, नाकात नळी असताना. वरच्या गुलाबी घड्या जवळ येऊन थरथरायला लागल्या. मी थांबल्यावर पट्ट्या बघितल्या, तशाच पांढऱ्या, कुठे लाली नाही, गाठ नाही. त्यांनी नर्सला बोलावून मला पुन्हा काढायला लावलं.

आता आईचं काम.

आई, चवथ होऊन किती दिवस झाले? तुझा आवाज अजून बसलेलाच आहे. फोनवर तू दर वाक्याला खाकरतेस. "पावसाचं आहे", "मोहरीच्या फोडणीने झालं", "वय झालं", हे सगळं ऐकून झालं. इतकी वर्षं तू वर्गात मुलांच्या गोंगाटावर आवाज काढत आलीस, म्हणजे तुझ्या पट्ट्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आपटल्या आहेत. शिक्षकांच्या घशाला हा त्रास फार असतो. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर घसा दाखवायचाच, असा नियम आहे. घाबरायचं म्हणून नव्हे, बघायचं म्हणून. पुष्कळदा सूज असते, नाहीतर पित्त वर येऊन घसा भाजतो. तू रात्री दहाला जेवून लगेच आडवी होतेस, मला तर त्याचाच संशय आहे. पण माझा संशय काय कामाचा, नळी घालूनच कळेल.

तोवर दोन गोष्टी. खाकरू नकोस, घोटभर पाणी पी. खाकरलं की त्या पट्ट्या जोराने घासतात आणि आणखी सुजतात. आणि कुजबुजू नकोस. कुजबुजून आवाजाला आराम मिळतो असं तुला वाटतं, पण उलट ताण पडतो. हळू बोल किंवा गप्प बस. (बाबा, हसणं पुरे.)

मी शुक्रवारी रात्री येते, सोमवारी रजा टाकली आहे. सकाळी लवकर बांबोळीला जाऊ, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ओपीडीला नंबर लावायला मी आधी उतरेन, तुम्ही गाडी लावून या. आधीचे कागद असतील तर काढून ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं आणि त्यांची नावं लिहून घ्या, डॉक्टर विचारतील. त्या दिवशी सकाळचा चहा घ्यायचा की नाही ते मी फोन करून विचारते, तू मनाने उपाशी राहू नकोस.

बाबा, शनिवारी दुपारी पेटी बाहेर काढून ठेवा. भाता गळतोय म्हणाला होतात, मी फेविकॉल आणि कातडं घेऊन येते. तो तीव्र मध्यम आपण दोघं मिळून बघू. पाहिजे तर मी त्यावर ग्राउल काढून दाखवेन. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

सोलां (आमसुलं) संपली आहेत, थोडी बांधून ठेव आई.

तुमची,
बाय