लॅपटॉप साधा असला तरी शिकणे अडत नाही

महोदय,

सोयाबीनची पट्टी हाती आली की मराठवाड्यातील अनेक पालक पोटाला चिमटा काढून मुलांना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप घेऊन देतात आणि ‘यावर काही चालत नाही’ असे पहिल्याच सत्रात ऐकून ती मुले खट्टू होतात. मोबाइल अ‍ॅप बनवण्याच्या अँड्रॉइड स्टुडिओसारख्या जड सॉफ्टवेअरला किमान ८ जीबी रॅम लागते, हे खरेच आहे. परंतु इलेक्ट्रॉनिक्स शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर्डुइनो उनो आर३’ या छोट्या बोर्डाच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये (त्यावरील इवल्याशा संगणक-चिपमध्ये) प्रोग्रॅमसाठी जागाच मुळी ३२ केबी असते आणि तेवढा प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवण्यास साधा लॅपटॉप पुरेसा होतो.

परभणीत माझ्या पुतणीचा बोर्ड लॅपटॉपला दिसेना, तेव्हा दुकानदाराने लॅपटॉपच बदलण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात केबल केवळ चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या ताराच नव्हत्या. केबल बदलून बोर्डावरील सीएच३४० या यूएसबी जोडणीच्या चिपचा ड्रायव्हर (ती चिप लॅपटॉपला ओळखू देणारे सॉफ्टवेअर) टाकताच पोर्टच्या यादीत ‘कॉम ३’ हे बोर्डाच्या जोडणीचे नाव उमटले आणि बोर्डावरचा इवलासा दिवा लुकलुकू लागला. विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना याच कामासाठी, पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटात स्वतःचे नाव घालावे लागते, तेही कोणी सांगत नाही.

म्हणून महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच कोणत्या विषयाला कोणते सॉफ्टवेअर व किती रॅम लागेल हे लेखी द्यावे, रॅम पुढे वाढवता येणारा लॅपटॉप निवडण्यास पालकांना सांगावे आणि जड कामासाठी प्रयोगशाळा, निदान वसतिगृहातील मुलांकरिता तरी, सायंकाळी उघडी ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, परभणी