खुले पत्र: क्युसेकसोबत पायरीही सांगा

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून सुमारे 35,000 क्युसेक पाणी मुठा नदीत सोडले गेले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरले. हा आकडा आधी हाती असता, तरी तळमजल्यावरच्या कुटुंबाला त्यातून काय उमगले असते? क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, आपल्या पार्किंगचे काय होणार, ते त्यात नाही. ‘भिडे पूल (मुठेवरचा कमी उंचीचा पूल) पाण्याखाली गेला’ हे मात्र अख्ख्या पुण्याला कळते. अशी खूण नदीकाठच्या प्रत्येक वस्तीला हवी, आणि ती रहिवाशांच्या आठवणींतूनच मिळेल.

घरोघरी तीन प्रश्न विचारावेत: पाणी कुठवर आले, किती वाजता, आणि नदीकडून आले की सांडपाण्याच्या चेंबरमधून उलटे? तिसरा प्रश्न सहसा राहून जातो. नदी काठ ओलांडण्याआधीच चेंबर उलटतात, म्हणून त्या घरांना इशारा आधी जायला हवा. भिंतीवर गाळाची रेघ धरावी, ओल नव्हे. भिंत पाणी शोषते आणि ओल वर चढते. उंची रस्त्यापासून मोजली तर पुढच्या डांबरीकरणात ती फसते. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून ती बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या कायम खुणेशी जोडावी. वेळ पडताळायला फोनमधला मूळ फोटो मागावा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेल्यात मूळ वेळ उरत नाही.

या नोंदी आपल्या खात्याच्या तासागणिक विसर्गाशी जुळवल्या की कोणत्या विसर्गाला कोणती पायरी बुडते, याचा तक्ता तयार होतो. तो कायमचा मात्र नसतो. धरणाखाली पडणारा पाऊस ओढ्यांतून मुठेला मिळतो, त्यामुळे तेवढ्याच विसर्गाला पातळी वेगळी येते. पात्रातल्या राडारोड्याने आणि भरावानेही ती चढते. म्हणून दर मे महिन्यात पात्राचे छेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी आणि खोली, पुन्हा मोजावेत. 25 सप्टेंबर 2019 चा आंबील ओढ्याचा पूर तर धरणाच्या विसर्गातून आलाच नव्हता. ओढ्यांना स्वतंत्र पर्जन्यमापक आणि पातळीमापक हवेत.

इशाऱ्यात इमारत, पायरी, अंदाजे वेळ आणि ‘मेन स्विच बंद करा’ एवढे असावे. त्याच 25 जुलैला पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला.

विसर्ग आपल्या खात्याकडे, घरांचे पत्ते महापालिकेकडे. दोन्ही एकत्र आणण्याचा आदेश आपणच देऊ शकता. 2024 चा तासागणिक विसर्ग आधी खुला करावा आणि काम एकतानगरीपासून सुरू करावे, ही आग्रहाची विनंती.

आपले,
पूररेषेचा अभ्यास करणारे पुणेकर