आधी किलो विचारा, मग भाव

ऐरोली, नवी मुंबई

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

माळावरच्या दारूगोळ्याच्या कारखान्याबद्दल फोनवर तुटक-तुटक बोलणं होतं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते. बाबा, समितीच्या बैठकीत हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

गावात सध्या दोनच गोष्टींवर बोलणं चाललंय: गुंठ्याला भाव काय आणि किती पोरं कामाला लागणार. त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहतोय. एका इमारतीत, एका वेळी, जास्तीत जास्त किती किलो स्फोटक असणार? कंपनीचा माणूस एकरांत आणि कोटींत बोलेल, त्याला किलोंवर आणा. कारण कारखाना कुंपणापाशी संपत नाही. त्याच्याभोवती सुरक्षित अंतराचं एक कडं असतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतावर पडतं.

या कड्याचा हिशेब साधा आहे. किलोंचं घनमूळ काढायचं आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं. बऱ्याच देशांच्या लष्करी मानकांत वस्तीसाठी तो आकडा २२.२ धरतात. ८,००० किलोचं घनमूळ २०, म्हणजे ४४४ मीटर. ६४,००० किलोचं ४०, म्हणजे ८८८ मीटर. साठा आठपट झाला की अंतर दुप्पट होतं. आपल्याकडे परवाना देताना विस्फोटक नियम, २००८ मधल्या तक्त्यातली अंतरं लागू होतात आणि ती स्फोटकाच्या प्रकारानुसार बदलतात, त्यामुळे माझे आकडे अंदाजापुरतेच घ्या. पण अंदाज घेतल्याशिवाय बैठकीला जाऊ नका. गावनकाशाची प्रत घ्या, प्रस्तावित गट नंबर रंगवा, आणि कंपासने २५०, ५०० आणि ९०० मीटरची वर्तुळं काढा. शाळा, पाण्याची टाकी आणि ठाकरांची वाडी कुठल्या वर्तुळात येते ते लोकांना डोळ्यांनी दिसू दे.

मातीचे बांध घालणार म्हणून धोका नाही, असं कोणी सांगेल. बांधाने तुकडे अडतात आणि एका कोठारातून दुसऱ्यात स्फोट पसरायचं टळतं. हवेचा दाब मात्र बांधावरून पुढे जातो, आणि खिडक्या-कौलं फुटतात ती त्याच दाबाने. दुसरी मेख विस्ताराची. सुरुवातीला साठा कमी दाखवायचा, परवाना घ्यायचा आणि काही वर्षांनी वाढवायचा. म्हणून अर्जात ‘अंतिम क्षमता’ लिहूनच मागा.

कड्यात अडकलेल्या जमिनीचं काय होतं ते उरणला जाऊन बघा. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे. १९९२ साली त्याच्याभोवती ‘सेफ्टी झोन’ची अधिसूचना निघाली, तीही १९०३ च्या इंग्रजांच्या कायद्याखाली. जमीन लोकांच्या नावावर आहे, पण घराला परवानगी नाही, आणि तिथले लोक तीस वर्षांहून जास्त काळ भांडतायत. तो साठा सरकारी आणि आपल्याकडचा कारखाना खाजगी, हा फरक आहेच. पण परवाना टिकवायचा तर खाजगी कारखान्यालाही ते अंतर मोकळं राहायला हवं असतं, त्यामुळे उद्या शेजारच्या घराला हरकत येणार हे धरूनच चाला. ज्यांची एक गुंठाही जमीन जात नाही, त्यांना हे आधी समजावून सांगा. आपल्याला काय त्याचं, असं आज तेच म्हणतायत.

आता कागद. बाबा, एमआयडीसी कायद्याच्या कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे संपादनाला हरकत असल्यास सांगा, अशी विचारणा आहे. नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या, प्रत्येक खातेदाराने वेगळी, आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. पन्नास सह्यांचं एकच निवेदन सुनावणीत एकच हरकत म्हणून मोजतील. कलम ३३(२) खाली भाव ठरवायची बोलणी आणि संमतीपत्र ही पुढची पायरी आहे. एजंट ते संमतीपत्र आधीच हातात देतात, ‘नुसती माहिती आहे’ म्हणून. त्यावर सही नको. सातबाऱ्यावर वारस नोंदी पूर्ण करून घ्या, दोन्ही आत्यांची नावं सुद्धा. नाव नसलं तर नोटीस येत नाही आणि नंतर भावकीतच भांडणं लागतात. संयुक्त मोजणीला हजर राहून विहीर, आंबे, मोह सगळं पत्रकात लिहून घ्या. हजर राहिलात म्हणजे संमती दिली असं होत नाही, फक्त सहीच्या वर ‘हरकत कायम ठेवून’ एवढं लिहा.

ग्रामसभेचा ठराव घ्याच. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती. लोक कमी आले म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको ते ठराव तिथेच होतात, म्हणून पहिल्याच सभेला माणसं आणा. आई, त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती तू आणि मावशी सोडू नका. पाण्याचा विषय तिथूनच लेखी पुढे जाऊ दे. ठरावात ‘कारखाना नको’ एवढंच लिहून थांबू नका. गट नंबर, विहिरींची संख्या, शाळेपासूनचं अंतर, सगळं लिहा.

जनसुनावणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चुका तिथेच होतात. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस यावी लागते, अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी चालत नाही, आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. म्हणून बहिष्कार टाकलात तर पाच माणसांत सुनावणी उरकते आणि ती कायदेशीर ठरते. उधळून लावलीत तर आणखी वाईट: इथे मोकळेपणाने बोलणं शक्य नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणी न घेताच पुढे जाण्याची सोय त्याच अधिसूचनेत आहे. तरुण पोरांना हे नीट सांगा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोवर लोक कंटाळून घरी गेलेले असतात. दहा जणांनी ठरवून थांबायचं, आणि मांडलेला मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावायचं.

‘संरक्षणाचा प्रकल्प आहे, सुनावणी लागत नाही’ असं तहसीलमध्ये सांगतील. ती सवलत खरी आहे, पण केंद्र सरकारने तसं ठरवलेलं असावं लागतं. खाजगी कंपनीने फलकावर ‘डिफेन्स’ लिहिलं म्हणून ती मिळत नाही. शिवाय सवलत फक्त लोकांचं म्हणणं घेण्यापुरती आहे, पर्यावरण मंजुरी चुकत नाही. माहिती अधिकारात त्या आदेशाची प्रत मागा. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. गुप्ततेचं कारण देऊन नाकारलं, तर गुप्त भाग वगळून उरलेलं द्या, असं कलम १० चं नाव घेऊन पहिल्या अपिलात लिहा. मंजुरी मिळालीच, तर हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यापुढे दार बंद. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला आहे.

पाण्याचे नमुने या उन्हाळ्यातच घ्या. टीएनटी, आरडीएक्स धुतलेलं पाणी जमिनीत मुरतं, आणि रॉकेटच्या इंधनातलं परक्लोरेट पाण्यात सहज विरघळतं व थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाही. आधी पाणी कसं होतं याचा पुरावा नसला, तर नंतर ‘हे पहिल्यापासूनच होतं’ असं उत्तर मिळतं. तीन विहिरी आणि ओढा, सरपंच व ग्रामसेवकांच्या समोर पंचनामा, बाटल्यांना सील, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. परक्लोरेटची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. आपला ओढा बारवीला मिळतो आणि इथे दिघा-ऐरोलीच्या पट्ट्यात एमआयडीसीचं बारवीचं पाणी येतं. बाहेरच्या पण संबंध असलेल्या लोकांना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी म्हणणं देता येतं, ते काम आम्ही इथल्या सोसायट्यांमधून करतोय.

नोकऱ्यांचं म्हणाल तर ८० टक्के ‘स्थानिक’ घेणार असं सांगतात, पण स्थानिक म्हणजे गावचे नव्हेत. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला कोणीही त्यात बसतो. आणि गावच्यांना मिळतं ते बहुतेक भरण्याचं नि पॅकिंगचं काम. नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बायका होत्या. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात किमान आठ जण गेले, आणि ती तर जुनी, अनुभवी सरकारी फॅक्टरी. सैन्याला दारूगोळा लागतो, हे मला मान्य आहे. पण वस्तीला लागून आणि धरणाच्या वरच्या अंगाला तो भरू नये. कोणी देशद्रोही म्हणालं तरी एवढंच आणि शांतपणे सांगा.

पोलिसांची नोटीस आली (पूर्वी कलम १४९ म्हणायचे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६८) तर घाबरू नका. ती ताकीद असते, गुन्हा नव्हे. प्रत मागून घ्या. धरण्याच्या परवानगीचा अर्ज आधी द्या आणि पोच जपा. अंबरनाथच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही लष्करी कुंपणाचे फोटो, ड्रोन वगैरे पोरांना अजिबात करू देऊ नका. गोपनीयतेचा कायदा लागला तर मूळ विषय बाजूला पडेल.

काळू धरणाची आठवण बैठकीत जरूर काढा. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं होतं, ते २०१२ मध्ये उच्च न्यायालयात थांबलं, आणि ते आपल्याच मुरबाड तालुक्यात.

हरकतीचा मसुदा आणि कोर्ट फीचे स्टॅम्प रविवारी दादाबरोबर पाठवते. बाबा, गट नंबरची जागा कोरी ठेवली आहे, ती सातबारा समोर ठेवून तुम्हीच भरा. आणि तहसीलला उन्हाचं एकटे जाऊ नका.

तुमची,
सुमन