तरण्या पावसातलं पत्र

यवतमाळ,
१५ जुलै १९३०

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी बाबांच्या छातीचं कळवा. पुनर्वसूचा तरणा पाऊस लागलाय, इथे झड थांबायचं नाव घेत नाही. म्हणजे तिकडे रात्र रात्र बसून काढत असाल. आई, अडुळशाचा काढा मध घालूनच दे. नुसता दिला की ते ओट्यावरून अंगणात ओततात, मला ठाऊक आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. मी जंगल सत्याग्रहात नाव दिलं आहे. येत्या आठवड्यात आमची तुकडी जंगलात गवत कापायला जाईल आणि तिथून बहुधा तुरुंगात. तुम्हाला विचारून नाव द्यायला हवं होतं. पण विचारलं असतं तर आईच्या तोंडाकडे बघून माझ्याच्यानं झालं नसतं, चैत्रात झालं नाही तसंच.

चैत्रात अकोल्याकडे दहिहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्याचं मीठ केलं, तेव्हा तुम्ही नको म्हणालात आणि मी थांबलो. नंतर गुजरातेत धारासण्याचा मिठाचा सत्याग्रह झाला, १ जूनला वडाळ्याच्या मिठागरांवर हजारोंनी माणसं गेली. मी इथे कापसाच्या जीनच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. मग मृग लागला आणि मिठाचं काम थांबलं. मिठाला ऊन लागतं बाबा, भर पावसात मिठागरात काय पिकणार! त्या आठवड्यात मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. वाटलं, आता चार महिने कोणी काही विचारणार नाही, मला निमित्त मिळालं.

पण ज्या पावसानं मीठ बंद केलं त्यानंच आपल्या वऱ्हाडात रानभर गवत उगवून आणलं. १० तारखेला आमचे पुढारी बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विळा चालवला आणि अटक करून घेतली. हे गवत म्हणजे काय हे मला कोणी समजवायला नको. कपिला गाय कोंडवाड्यात होती तेव्हा बाबा असल्याच झडीत दंड भरायला गेले होते. परत आल्यावर कोणाशी बोलले नाहीत. आजवर मी तो दिवस कधी काढला नाही. आज काढला म्हणून रागावू नका.

चाकरी सोडली म्हणून घाबरू नका. जीन आता बंदच असते आणि कापसाचा भाव असा पडलाय की हंगामात तरी पुरता पगार मिळेल असं कोणी म्हणत नाही. भाव पडला, पण सारा पडला नाही, सावकाराचं व्याज पडलं नाही, चराईचा करही तेवढाच आहे. मी तिथे बसून कोणाचं काय राखणार होतो? मामांकडे छत्तीस रुपये ठेवलेत. बी-बियाण्याचं देणं त्यातून आधी फेडा, उरेल त्यात दिवाळीपर्यंत मीठ-मिरची निघेल. जवारी पेवात पुरेशी आहे ना? नसेल तर लाज न धरता मामांना सांगा.

आई, कागदावर चोरीचं कलम लावतील. गावात कोणी तो शब्द उच्चारला तर तू खाली बघू नकोस. आपल्याच रानातलं गवत आहे, दिवसाउजेडी, चारचौघांत कापणार आहोत. आणि तुरुंगात छप्पर असतं, भाकरी असते. नाल्याला पूर असताना बाबा मला खांद्यावर बसवून शाळेत नेत त्यापेक्षा तिथे मी कोरडाच राहीन. तेव्हा मी तुमचे कान घट्ट धरायचो, बाबा. तुम्ही म्हणायचे, कान सोड, दोर नाहीत ते. अजून पाऊस जोरात आला की हात तसेच वळतात.

डवरणीच्या वेळी मी नसेन, हेच मनाला लागून राहिलंय. पऱ्हाटी तणात जाऊ देऊ नका, पण बाबांनी स्वतः डवरा धरायचा नाही. मुळीच नाही. धाकट्या काकांना बोलवा. त्या वर्षीचं आता विसरा, ते येतील. गोठ्याचा उत्तरेकडचा कोपरा गळतो, तिथे फणकटाचा थर द्या. ओल्या सरपणाच्या धुरात आईनं तासन्‌तास बसू नये, डोळे आधीच तसे आहेत. घरात कोरड्या तुऱ्हाट्यांचा भारा वेगळा ठेवा. पोळ्याला ढवळ्याची शिंगं वहिनीकडून रंगवून घ्या, तिला जमतं.

दाराशी शिपाई आलाच तर त्याला पाणी द्या. पण बाबांनी वाचल्याशिवाय कोणीही कशावरही अंगठा उठवायचा नाही.

मारोतीला माझ्या नावानं एक नारळ फोडा. तुमच्या पाया पडतो.

तुमचा,
थोरला

ता. क. : आई घोंगडी पाठवू म्हणेल. नको. तिथे आत नेऊ देत नाहीत म्हणतात. उलट माझीच शनिवारच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. जरा ओली असेल, चुलीपाशी वाळवून घ्या आणि रात्री बाबांच्या छातीवर टाका.