जांभ्याखालची माती आधी पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मार्च उजाडला की रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर, बोअरच्या गाड्या फिरू लागतात आणि जूननंतर दरडींच्या बातम्या सुरू होतात. किनारपट्टीच्या सड्यांवर या दोन्ही दुखण्यांचं मूळ बऱ्याचदा एकाच थरात असतं: जांभ्याखालच्या मऊ, पांढुरक्या-तांबूस चिकणमातीत. (22 जुलै 2021 ला रायगडमधल्या तळिये गावात कोसळली तशी दरड सह्याद्रीच्या उभ्या उतारांवरची. तिचा विचार वेगळा करायला हवा.)

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला काळवत्री (बेसाल्ट) दगड इथला पाया आहे. त्यात जवळपास निम्मी सिलिका. शिवाय लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. उष्ण हवा, धो धो पाऊस आणि मग सहा-सात महिने कोरडे, असं चक्र लाखो वर्षं चाललं की पाणी आधी कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम विरघळवून नेतं आणि हळूहळू सिलिकाही नेतं. मागे उरतं ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. वरच्या भागात लोहाची संयुगं सुकून घट्ट बसतात, तो आपला जांभा. खाली दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची केओलिन ही पांढुरकी चिकणमाती होते, पण तिला बांधून ठेवण्याइतकं लोह तिथे नसतं. तिच्याखाली मुरूम आणि मग अखंड काळवत्री. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे तळाचा दगड याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटी जातीचा आहे. वरचा क्रम मात्र बराचसा असाच.

जांभा जाळीदार असल्याने पाऊस सरळ आत उतरतो, चिकणमातीवर अडतो आणि तिच्या माथ्यावरून उताराकडे सरकत जातो. सड्याच्या कडेखाली, ठरावीक उंचीवर, ओळीने झरे दिसतात ते या सांध्यावरच. जांभ्यातलं पाणी वाहतं असल्यामुळे जुलैत तुडुंब भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते.

आता बोअरचं पाहू. चिकणमाती आत ढासळू नये म्हणून केसिंग पाइप कठीण दगडात दोन-तीन फूट रुतवावाच लागतो. तो आखूड पडला तर गढूळ पाणी येतं आणि पंप मातीने भरतो. नीट बसवला तर जांभ्यातलं सगळं पाणी पाइपाच्या बाहेर राहतं! मग भिस्त उरते ती काळवत्रीतल्या भेगांवर आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यांवर. ते लागले तर उत्तम. नाही लागले तर दोनशे फूट कोरडा दगड. पाणाड्या बोलावण्याआधी शेजारच्या विहिरीत उतरून थर बघणं स्वस्त पडतं.

सड्यावर माझं मत उघड्या विहिरीच्या बाजूचं आहे. जागा माथ्यावर नको, झऱ्यांच्या ओळीच्या जरा वरच्या अंगाला हवी. खोदाई चिकणमाती लागेपर्यंत करावी आणि साठ्यासाठी तिच्यात साधारण एक मीटर उतरावं. जांभ्यातलं बांधकाम कोरडं, सिमेंटशिवाय. चिऱ्यांच्या (जांभ्याच्या घडवलेल्या दगडांच्या) फटींतूनच पाणी येतं. मातीत उतरलेला भाग मात्र पक्का बांधावा, नाहीतर कड आत येते. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नको. जांभ्यातून सांडपाणी गाळलं न जाता पोचतं.

दरडींचं कारणही हेच. घरासाठी किंवा रस्त्यासाठी उतार उभा कापला की चिकणमाती उघडी पडते. भिजली की ती वरच्या जांभ्याचं ओझं पेलत नाही. आधी माती बाहेर फुगते, मग वरचा कातळ मोठ्या ढेपांनी सुटतो. रत्नागिरीजवळ पोमेंडी आणि निवसर इथे कोकण रेल्वेला या मऊ थरांनी वर्षानुवर्षं छळलं आहे. सड्याच्या कडेला समांतर भेग दिसली, झरा अचानक गढूळला किंवा बंद पडला, झाडं कलली, तर त्या पावसात खालच्या घरात राहू नये. कडेजवळची बंद चिरेखाण आणखी धोक्याची, कारण तिच्यात साठलेलं पाणी थेट या मातीवर जातं. अशा खाणीतून चर काढून पाणी पऱ्यात (ओढ्यात) सोडायला हवं.

घरामागे भिंत बांधतात तीही पुष्कळदा पाण्यानेच पडते. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी पूर्ण तुंबलं तर दर धावत्या मीटरला साडेचार टन रेटा येतो, मातीचा वेगळाच. म्हणून दर दीड मीटरवर तीन-चार इंची पाइप बाहेर उताराने ठेवावेत आणि मागे फूटभर जाडीची खडी भरावी. खडी आणि माती यांच्यात गाळणीचं कापड हवंच. त्याशिवाय एक-दोन पावसाळ्यांत खडी चिकणमातीने बुजते आणि भोकं नावाला उरतात.

ग्रामपंचायतींना विनंती एवढीच, की गावात बोअर मारताना दर दहा फुटांचा चुरा ओळीने मांडायला सांगावा आणि त्याची नोंद ठेवावी. तांबड्याचा पांढुरका झाला की चिकणमाती, हिरवट-करडा झाला की मुरूम, काळा झाला की दगड. खात्री करायची तर चुरा ओला करून बोटांत वळावा. तीन मिलिमीटरची वळी न तुटता झाली तर ती चिकणमातीच. या नोंदींची एक प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात द्यावी आणि दुसरी उतार कापायची परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर असावी.

आपला,
भूशास्त्राचा एक शिक्षक, रत्नागिरी